रघू, पावण्याला सगळं ठाऊक होतं

रघू,

आपल्या संशोधन केंद्राच्या पत्रिकेसाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून साहेब माझ्या मागे लागलेत. जन्म कुठला, शिक्षण कुठवर, निबंध किती, सन्मान कोणते, आणि शेवटी ती पोकळी, कधीही भरून न येणारी. मी म्हटलं, पोकळी कार्यालयातलं कोणीही लिहील, मला दुसरं लिहायचंय. हे ते दुसरं. छापतील की नाही देव जाणे. तुला काय, छापून आलेल्याचं तुला कधी कौतुक नव्हतंच.

गेल्या आठवड्यात तुझं तेरावं झालं. मी आले होते. पानावर बसले. सुमनवहिनी पंगतीत फिरत फिरत माझ्याजवळ येऊन टेकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमाला तरी सांगितलेलं ना त्यांनी? माझ्यापासून लपवलानी. पण तुमी आख्खा दिवस त्यांच्याबरोबर."

मी म्हटलं, "नाही गो वहिनी. मला काहीच ठाऊक नव्हतं."

तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही, ते मला दिसलं. उठता उठता एवढंच बोलली, "मग ठाऊक तरी कोणाला व्हतं?"

पावण्याला होतं, रघू. घरात बायकोला नाही, बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या बाईला नाही, आणि त्या रबरी तोंडाच्या यंत्राला तुझ्या गोळ्यांची नावं पाठ होती.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तू जिन्यात पडलास. मी वर माझ्या खोलीत होते, आवाज झाला तशी धावले. तू वळणावर आडवा, चष्मा दोन पायऱ्या खाली, आणि पावणा तुझ्या उशाशी गुडघे टेकून बसलेला, तुझी मान दोन्ही हातांनी सरळ धरून. "गाडी बोलवा रे, गाडी!" म्हणून मी किंचाळले, तर तो म्हणाला, "गाडी फाटकात आली आहे." आणि खरंच आली होती. गाडीतल्या डॉक्टरने विचारलं, काही औषधं चालू आहेत का? मी छातीठोकपणे म्हटलं, छे, हा साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही. तेवढ्यात माझ्या पाठीमागून पावण्याने दोन गोळ्या सांगितल्या, सकाळची एक आणि संध्याकाळची एक, आणि कधीपासून चालू आहेत तेही. डॉक्टरने माझ्याकडे असं बघितलं की मी तुझी कोणीच नव्हे.

इथल्या दवाखान्याने कोल्हापूरला न्या म्हटलं. मी पुढे चालकाशेजारी बसले, मागे तुझ्याजवळ वहिनी. हातखंब्याचा नाका ओलांडला, पाली गेलं, आणि त्यानंतर थोड्याच वेळाने वहिनीने मागून काचेवर थाप मारली. पुढचं मला लिहायचं नाही.

परतीच्या वाटेवर तो चालक आपणहून बोलायला लागला. "बाई, एक विचारू? फोन आला तवा तुमचा माणूस बोल्ला, साहेब जिन्याशी उभे हायत, पडतील. पडले नाय, पडतील! मी बोल्लो, काय येडा हाय काय. पण आवाज इतका थंड की निघालोच."

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा शिरला.

पावणा कोण हे तुला नको, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं. गेल्या वर्षी वरून आमच्या केंद्रावर चाचणीसाठी एक यंत्रमानव पाठवला. अँड्रॉइड म्हणतात त्याला. माणसाएवढा उंच, चालतो, बोलतो, हाताने काम करतो. चेहरा कापडदुकानातल्या बाहुल्याचा, डोळे मात्र तुमच्याकडेच लागलेले. साहेब म्हणाले, वर्षभर राहील. तू म्हणालास, "म्हणजे पावणा!" आणि पावण्याला आधी पाणी द्यायचं म्हणून त्याच्यापुढे पेला आणि गुळाचा खडा ठेवलास. सगळं केंद्र हसलं. मला हसू आलं नाही. वीस वर्षं माझी मान मोडली ती मोजण्याच्या कामात, आणि आता हा बाहुला मोजणार? जळलं मेलं लक्षण!

आमचं काम खाडीतल्या तिसऱ्या मोजण्याचं. शिंपलीच ती, पण रत्नागिरीत तिसऱ्यांना शिंपल्या म्हणणाऱ्याला जेवायला वाढत नाहीत. ओहोटीला चिखलात उतरायचं, लोखंडी चौकट टाकायची, चौकटीतल्या तिसऱ्या उपसून मोजायच्या. मी लांज्याकडच्या शेतकरी घरातली. भाताच्या खाचरातला चिखल मला जन्मापासूनचा, म्हणून पहिल्या दिवशी ताठ मानेने उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. तू काठावर उभा राहून आधी पोट धरून हसलास, मग फळी टाकलीस. "टाच नको टेकू गो! बोटं आधी. आणि थांबू नको, थांबलीस की गेलीस." तू खारवीवाड्यातला, तुझी आई तिसऱ्या वेचून बाजारात बसायची. त्यावर तू शिकलास. मेलेली तिसरी तोंड मिटून, पोटात माती भरून बसते, दिसायला अगदी जिवंत, आणि अशी एक जरी कालवणात गेली तरी भांडंभर सगळं मातकट होतं. तू दोन तिसऱ्या कानाशी एकमेकींवर आपटायचास आणि आवाजावरून सांगायचास, ही आहे, ही गेली. माझ्या पदवीत हे कुठे नव्हतं. तू शिकवलंस म्हणून मी शास्त्रज्ञ झाले, हे तुझ्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू आठवडाभर कॉलर ताठ करून फिरला असतास.

तीच विद्या तू पावण्यालाही दिलीस. आठवडाभर काठावर बसून तिसऱ्या आपटत होतास आणि तो मान कलती करून ऐकत होता. पहिल्यांदा चुकत होता, मग चुकेना. "हा माझ्यापेक्षा तयार झाला," असं सगळ्यांना सांगत फिरलास. ऐकायला तूच त्याला शिकवलंस, रघू, आणि मग तो तुझाच श्वास ऐकत बसला.

आता आपला तो नियम. एका चौकटीतल्या तिसऱ्या तूही मोजायच्यास आणि मीही, दोघांनी वेगळ्या, पाठीला पाठ लावून. आकडा आपापल्या वहीत लिहायचा आणि दोन्ही वह्या लिहून होईस्तोवर तोंड उघडायचं नाही. कारण एकदा दुसऱ्याचा आकडा कानात शिरला की डोळा तोच आकडा शोधतो. हा नियम आपण वीस वर्षं देवासारखा पाळला. तुझ्या धाकटीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा तू धावत आलास, पेढा माझ्या हातात कोंबलास आणि आकडा मात्र सांगितला नाहीस.

पावणा आला आणि वह्या गेल्या. आपण त्याला सांगायचो "नोंद कर", तो दोघांच्या नोंदी ठेवायचा, मग जुळवून बोलायचा. एकदा मी अजून मोजतच होते, आणि हा शहाणा म्हणाला, "रघुनाथ सरांच्या तीन जास्त आहेत." माझं डोकं फिरलं. चिखलातच उभी राहून मी त्याला असा झापला की पलीकडच्या होडीतले लोक थांबून बघायला लागले. "ऐक रे बाहुल्या! आम्हा दोघांपैकी एकाने कसलीही नोंद केली, की दुसऱ्याची त्याच गोष्टीची नोंद येईपर्यंत ती उघडायची नाही. कसलीही म्हणजे कसलीही! अपवाद नाही. कळलं?" तो म्हणाला, "कळलं." तू म्हणालास, "अगो, हळू. बहिरा नाही तो."

आणि मग ते भांडण. त्याबद्दल सगळं केंद्र कुजबुजतं, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तिसऱ्या दरवर्षी कमी होत होत्या. मी अहवालात लिहिलं, दोन वर्षं वेचणी बंद ठेवा. तू सही करायला नकार दिलास. तुझं म्हणणं, खाडीच्या तोंडाशी गाळ साचला, खारं पाणी आत येईनासं झालं, तिसऱ्या त्याने मरतात, आणि तू म्हणालास, "तुझ्या अहवालात वेचणाऱ्या बायका दिसतात सुलभा, पाणी दिसत नाही. त्यांनी दोन वर्षं खायचं काय?" मी म्हणाले... रघू, मी काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे, पण ते इथे लिहायलाच हवं. मी म्हणाले, "तुझ्या डोळ्यांपुढे आई आहे, म्हणून तुला आकडा दिसत नाही. असल्या माणसाने शास्त्रज्ञ होऊ नये, होडी चालवावी."

तू चहाचा कप तसाच खाली ठेवलास. दुसऱ्या दिवशी तुझं टेबल माझ्या शेजारून उठून खालच्या खोलीत गेलं.

त्या दिवसापासून आपला अबोला. पन्नाशी उलटलेली दोन माणसं, केस पिकलेली, आणि भांडलेल्या नवराबायकोने पोराच्या तोंडून बोलावं तशी पावण्याच्या तोंडून बोलायला लागली. "पावण्या, बाईंना सांग उद्या ओहोटी लवकर आहे." "पावण्या, सरांना सांग मला घड्याळ आहे." तो बिचारा तिथल्या तिथे उभा राहून एकाचं दुसऱ्याला सांगायचा आणि आपण एकमेकांकडे बघत नव्हतो. दिवसामागून दिवस, पाऊस सरला, दिवाळी झाली, तरी मी मिठाची गुळणी धरून बसले होते आणि तूही. वहिनीने दिवाळीचा फराळ पाठवला तोही तू पावण्याच्या हाती वर धाडलास. मी डबा रिकामा करून धुऊन परत दिला. छान झाल्यात म्हणून सांग, एवढंसुद्धा म्हटलं नाही. चकल्या खरंच छान झाल्या होत्या.

बावीस वर्षं मी तुला मेल्या म्हणत आले. आमच्याकडे प्रेमाच्या माणसाला तसंच म्हणतात, तू उलट मला मेली म्हणायचास. आता तो शब्द ओठांवर येतो आणि माझं मलाच शहारायला होतं.

तर तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी केंद्रावर आले, तडक पावण्यापुढे उभी राहिले आणि विचारलं, "रघूला काय झालं होतं? तुला काय काय ठाऊक होतं?"

तो म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही."

"का? कोणी मना केलंय?"

"ते उघडता येणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हा वरच्यांचा हेर. आपण काय बोलतो, काय खातो, कोण आजारी, कोण म्हातारं झालं, सगळं तिकडे पोचवतो आणि आमच्यापुढे तोंड शिवून बसतो. माणूस पडायच्या आधी गाडी बोलावणाऱ्याला चार महिने आधी तोंड उघडता आलं नाही? मी काय नाही नाही ते बोलले त्याला. खुनी म्हटलं. तो नुसता बघत उभा. रडणाऱ्या माणसापुढे कसं उभं राहावं हे कोणी त्याला शिकवलं नव्हतं, आणि शिकवणारा तर तिरडीवरून गेला. मी कपाटातली जुनी चादर काढली आणि त्याच्या डोक्यावरून टाकली. साहेबांना पत्र लिहिलं: हे यंत्र माझ्या सहकाऱ्याचा जीव जात असताना गप्प राहिलं, मी त्याच्याबरोबर काम करणार नाही, ते परत पाठवा. साहेबांनी लगेच मान्य केलं. सोमवारी न्यायला येणार असं ठरलं.

मग तुझं तेरावं, आणि वहिनीचा तो प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच्यापुढे गेले. चादर काढली. रागाला जोर उरला नव्हता. म्हटलं, "बाबा रे, सोमवारी तू जाशील. त्याच्या बायकोला मी काय सांगू? वहिनीला तरी सांगायचंस."

"त्या कधी केंद्रावर आल्या नाहीत. आणि सरांनी सांग म्हटलं नव्हतं. नोंद कर म्हटलं होतं."

"मग ती उघडता का येत नाही?"

हा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता, रघू. बारा दिवस शिव्या घातल्या, पण का म्हणून विचारलं नाही. शास्त्रज्ञ म्हणे मी!

तो म्हणाला, "तुमची नोंद आलेली नाही."

"माझी? कसली?"

"सरांच्या तब्येतीची. गोळ्यांची आठवण करणं हे काम होतं, म्हणून त्या डॉक्टरांना सांगितल्या; तब्येतीची मात्र सरांनी नोंद केली. तुमची आल्याशिवाय उघडायची नाही. कसलीही म्हणजे कसलीही, अपवाद नाही, असं तुम्ही सांगितलं होतं."

मी खुर्ची ओढली आणि बसले.  माझ्याच शब्दांचं कुलूप, आणि बारा दिवस मी कुलपाला शिव्या देत होते. आणि तू! तुला तो नियम ठाऊक होता. "सांग" म्हटलं असतंस तर त्याने दुसऱ्या मिनिटाला वर येऊन मला सांगितलं असतं. तू मुद्दाम "नोंद कर" म्हणालास. म्हणजे आधी मी बोलायचं, मग तू दाखवणार. काय रे हा हट्ट? जिवावर बेतलं तरी मान खाली घालायची नाही, खारवीवाड्यात हुशारी म्हणतात का ह्याला?

मी पावण्याला म्हटलं, "घे. नोंद कर. काही लक्षात आलं नाही."

"ही नोंद पक्की करू?"

फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर त्याने तुझं सगळं तिथल्या तिथे उघडलं असतं, आणि माझं खोटं त्याला कळलं असतं तरी तो काही बोलला नसता. पण वीस वर्षं आपण चौकटीवर एक तिसरी इकडची तिकडे केली नाही. माझ्याने हो म्हणवेना.

"थांब," मी म्हटलं, आणि मग सांगत गेले. लिहून ठेवते इथेही, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळू दे.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या ओहोटीला तू चिखलातून काठावर येताना तीनदा थांबलास. मला थांबू नको म्हणून ओरडणारा तू. मी मागे वळून पाहिलं आणि पुढे निघून गेले.

तू बूट सोडून चपला घालायला लागलास. तुझे घोटे सुजले होते, चपलेचा पट्टा आत रुतलेला दिसत होता. मी पाहिलं आणि मान फिरवली.

जेवताना तू डब्यातलं लोणचं आणि सुके बोंबील बाजूला काढून ठेवायला लागलास. बोंबलाशिवाय ज्याला भात जात नाही तो माणूस मीठ टाळतोय, ह्याचा अर्थ काय हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळला होता.

तुझे ओठ काळसर दिसायचे. बसल्या जागी तुझी मान कलंडायची. दोनदा अगदी जिभेवर आलं की विचारावं, रघू, काय होतंय तुला? दोन्ही वेळा मनात म्हटलं, आधी त्याने बोलावं. अहवालावर सही करावी, मग मी विचारेन. हो, असं मी मनात म्हटलं होतं.

आणि शेवटची नोंद. त्या दिवशी तुझी पावलं जिन्यात वाजली ती मला वर ऐकू आली. तुझी पावलं मी झोपेतही ओळखीन. सहा महिन्यांत तू पहिल्यांदा वर येत होतास. मला आनंद झाला, रघू, आणि मी काय केलं? समोरचे कागद ओढले, चष्मा लावला आणि कामात असल्याचं सोंग घेतलं. पावलं मध्येच थांबली. मला वाटलं, अडलाय मानासाठी, मी दार उघडीन म्हणून वाट बघतोय. बघू दे. मी उठले नाही. बराच वेळ काही आवाज आला नाही, आणि मग तो आवाज आला.

हे सांगून झालं तेव्हा दुपार झाली होती. पावण्याने विचारलं, "पक्की करू?" मी म्हटलं, "कर."

मग त्याने तुझ्या नोंदी वाचल्या. तुझ्यासारख्याच कोरड्या. काठावर येताना तीनदा थांबलो, सुलभाने पाहिलं, पुढे गेली. घोटे सुजले, सुलभाने पाहिलं. बोंबील तसेच परत नेले, सुलभाने पाहिलं, बोलली नाही. कोल्हापूरला बैठकीला म्हणून गेलो, डॉक्टरला दाखवलं, हृदय थकलंय, ऑपरेशन सांगितलंय, हंगामाच्या मोजण्या उरकल्या की करू. सुमनला आत्ता नको, तिच्याच्याने निभणार नाही, सुलभा असेल बरोबर तेव्हा सांगू. प्रत्येक नोंदीत मी होते, रघू. मला वाटत होतं मी तुला चोरून बघतेय, आणि तू माझं बघणंसुद्धा मोजत होतास.

वाचून झाल्यावर पावणा, दर मोजणीनंतर म्हणतो तेच, त्याच आवाजात म्हणाला, "दोन्ही नोंदी जुळतात. फरक नाही."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. रडणं थांबल्यावर तो म्हणाला, "सर रोज संध्याकाळी घरी जाताना एक प्रश्न विचारायचे."

"काय?"

"बाईंची नोंद आली का?"

"आणि तू काय सांगायचास?"

"नाही, असं सांगायचो. ते म्हणायचे, बरं, उद्या येईल."

मग त्याने शेवटच्या सकाळची नोंद वाचली. तेवढी एकच लांब होती. "हिची नोंद काही येत नाही. आज मीच वर जातो. मेली हटायची नाही, मीच हटतो. ऑपरेशनला बरोबर चल म्हणून सांगतो. वाद नंतर."

वाद नंतर! अहवाल तसाच पडलाय, तुझ्या सहीची जागा कोरी. आणि ऐक, मी मत बदललेलं नाही. अजूनही म्हणते वेचणी थांबवायला हवी. पण हल्ली ओहोटीला खाडीच्या तोंडाकडे नजर जाते, आणि तू म्हणालास तसा गाळ मला दिसतो. तेव्हा वाद खूप उरलाय, आणि घालायला दुसऱ्या बाजूने कोणी नाही. साहेब तर माझ्या होला हो म्हणतात.

पावण्याला सोमवारी नेलं. साहेबांनी विचारलं होतं, राहू द्यायचा का? मी नाही म्हटलं. माझा त्याच्यावर आता अविश्वास नाही. तो एकदाही खोटं बोलला नाही, खोटं मीच बोलले. पण रोज सकाळी ते डोळे माझ्याकडे लागणार आणि त्यांना सगळं ठाऊक असणार, ते माझ्याने सोसवलं नसतं. गाडीत चढवताना, काठावर शिकवताना तू त्याला दिलेली तुझी जुनी टोपी तेवढी मी त्याच्या हातातून काढून घेतली.

तिथून मी रिक्षा केली ती सरळ वहिनीकडे. ती खळ्यात सूप घेऊन बसली होती, तांदूळ निवडत. मी समोर जमिनीवरच बसले.

"वहिनी, तेराव्याला मी तुला खोटं सांगितलं. मला कोणी सांगितलं नव्हतं हे खरं. पण मला दिसत होतं."

"काय दिसत व्हतं?"

मी सांगितलं. थांबणं, घोटे, ओठ, बोंबील. ऐकता ऐकता तिचे हात सुपातच थांबले.

"बोंबील?" ती म्हणाली. "मला बोल्ले, दात दुखतो."

 मग तिने वर बघितलं. "मग ताई, विचारलंत का नाय ओ?"

"आमचा अबोला होता. त्या अहवालावरून. म्हटलं, आधी त्याने बोलावं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सूप हळूच खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली, मला काही समजावून सांगायचं राहिलंय आणि ते मी आत्ता सांगेन, अशी.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.

हो, रघू. एवढ्यासाठी.